धाब्यावरची विहीण

खारी म्हणजे काय हे परवा माझ्या नातसुनेला सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. तिला वाटलं चहात बुडवून खायची ती. तिचा मूळ प्रश्न वेगळाच होता. माझ्या गॅलरीत गजांवर लाल चांदण्यांसारख्या फुलांची वेल चढलेली आहे, सगळं जग तिला गणेशवेल म्हणतं, आणि मी पाणी घालताना तिला विहीणबाई म्हणते, ते का? आता हे एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर मी सांगितलं नसतं का? वेल सांगायची तर जमनावहिनी सांगावी लागते, वहिनी सांगायची तर माझी माय, आणि दोघींच्या मध्ये ती खारी. म्हणून मी तिला म्हटलं, बाई, गॅस बंद कर आणि बस.

आमचं घर ब्राह्मणपुरीला, धाब्याचं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागाच्या कड्या, त्यावर काड्या आणि पाला, आणि त्यावर चोपून चोपून बसवलेला मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी पसरायची. ही पांढरी, पिठासारखी मऊ माती खारपट जागेतून गाडीनं आणावी लागे. तिच्यात मीठ असतं आणि त्यासाठीच ती घालायची. पाणी आत मुरत नाही आणि गवताची काडी उगवत नाही. ज्या घराच्या धाब्यावर गवत दिसलं त्या घरात बघणारं कुणी उरलं नाही, असं आमच्याकडे समजत. माझी माय तर दुसऱ्याच्या धाब्यावरचं गवत पाहूनसुद्धा नाक मुरडायची. उन्हाळाभर आमचं निम्मं आयुष्य त्या धाब्यावर जाई. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, तिथंच वाळायचे, कुरडया तिथंच, आणि कावळे हाकायला मी तिथंच, हातात काठी आणि तोंडात ओला बिबडा. ओल्या बिबड्याची चव ज्यानं घेतली नाही त्याला तळलेल्याचं काय सांगावं.

त्या वर्षी वैशाखात माझ्या दादाचं लग्न झालं आणि नवापूरची जमना आमच्या घरी आली. मी तेरा-चौदा वर्षांची, ती माझ्याहून थोडी मोठी. तिचे वडील लाकडाच्या वखारीत कारकून होते. घरात दुसरं कुणी नाही, आई तिच्या लहानपणीच गेलेली. ती शाळेतल्या पुस्तकासारखं शुद्ध बोले आणि आम्ही सगळे अहिराणीत, त्यामुळे ती बोलली की आमचा सालदार गडीसुद्धा धोतर नीट करून उभा राही. बिचारी मग बोलणंच टाळायला लागली. मान खाली, काम हातात, आणि दिवसभर 'हो आत्याबाई, बरं आत्याबाई.' आमच्यात सासूला आत्याबाई म्हणत.

मायचं त्या लग्नाबद्दल एक दुखणं होतं. मोठ्या मुलाचं लग्न, पहिलंच लग्न, आणि समोर विहीणच नाही. पाय धुवायला, ओटी भरायला, मानाची साडी नेसवायला विहीण लागते. आणि तिच्यावर रुसायचं असतं, तिनं येऊन हात जोडायचे असतात. त्यातली गंमत ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात पाहिली, तिच्या वाट्याला वहिनीची एक लांबची काकू आली, तीही दाढ दुखते म्हणून फडकं बांधून बसलेली. माय येईल-जाईल त्याला सांगायची, "व्याहीनच नई, त रुसाले बी मजा नई." तिचा स्वभाव असा की मनात काही ठेवायची नाही आणि ठेवलंच तर ओसरीवर ठेवायची. पण हे सगळं वहिनीच्या कानावर पडत होतं. तिला काय वाटत असेल याचा विचार मायनं केला नव्हता, आणि आम्हांपैकीही कुणी केला नाही.

उन्हाळ्यात मी आमच्या मामाकडे म्हसावदला गेले ती आंबे संपल्यावरच परतले. आले तर अंगणाच्या भिंतीवर सुतळ्या ताणलेल्या. धाब्याच्या कडेपासून खालपर्यंत चार-पाच, नीट ओळीत, आणि खाली वहिनी उकिडवी बसून गडूनं पाणी घालत होती. मी विचारलं, हे काय? तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याशी मन मोकळं केलं. म्हणाली, "वेणूताई, आईची वेल आहे. आई दर वर्षी दारात लावायची. ही वेल वर्षाची असते, फुलते आणि वाळते. बी धरलं तर पुढच्या वर्षी आहे, नाही धरलं तर संपली. आई गेल्यावर मी दर वर्षी बी धरलं. लग्नात पदराच्या गाठीला बांधून आणलं, सगळं." मी म्हटलं, "सगळं? घरी थोडं नाही ठेवलं?" म्हणाली, "घरी कोण लावणार? बाबांना तर तुळसही जगवता येत नाही." मग तिनं मला बी कसं असतं ते सांगितलं, काळं, लांबट, तांदळाच्या कणीपेक्षा मोठं. ते एक रात्र पाण्यात भिजवावं लागतं. पहिलं पान फुटतं ते सरळ नसतं, त्याला मधोमध चीर असते, उघडलेल्या कात्रीसारखी. पुढची पानं मग बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक. सांगताना ती हसत होती. म्हणाली, "यंदा उशीर लागतोय, पण माती इतकी छान मिळाली आहे, एकही खडा नाही बघा."

मी माती बघितली. पांढरी, पिठासारखी. धाब्यावर घालून उरलेली खारी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढेमागे गळतीला लागेल म्हणून भिंतीशी ढीग करून ठेवली होती. नवापूरकडे घरं उतरत्या छपराची, कौलांची. तिथं खारी कुणी पाहिलेली नाही. तिथल्या पोरीला पांढरी मऊ माती दिसली की नदीचा गाळच वाटणार. आमच्या गावात दोन वर्षांचं पोर त्या ढिगात बी टाकणार नाही, आणि आमच्या गावात हे सांगायची गरजही कुणाला पडत नाही. म्हणून तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मायनं तिला तिथं उकिडवी बसलेली पाहिली असेल, पण ती भांडी घासायला माती घेत असेल असं समजली असणार. सुतळ्या तर तिनं त्याच सकाळी ताणल्या होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, ही खारी शे." तिला कळेना. मग मी मराठीत सांगितलं की या मातीत काही उगवू नये म्हणूनच ती आणतात. तशी ती एकदम दोन्ही हातांनी माती उकरायला लागली, आणि मीही बसले. पण आमचं नशीब असं, की आदल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थेंब पडायला लागला होता आणि सालदारानं निम्म्याहून जास्त ढीग घमेल्यानं वर नेऊन, पसरून, चोपणीनं चोपून टाकला होता. ढीग उतरलेला वहिनीनं पाहिला होता, पण बी खालीच राहिलं असेल असं तिनं धरलं होतं. खाली उरलेल्या मातीत आम्हांला एकही बी मिळालं नाही. वहिनीनं सुतळ्या सोडल्या, गुंडाळून ठेवल्या, आणि चुलीपुढं जाऊन बसली. माझ्यासमोर रडली नाही. संध्याकाळी मायनं विचारलं, "डोया कसाले लाल शेतस?" तर म्हणाली, "धूर गेला आत्याबाई." मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी मायला सांगणार होते, पण वहिनीनं माझा हात धरला. तिला भीती होती की माय पुन्हा विहिणीवर घसरेल.

पुढं आषाढ चांगला लागला. आमच्या धाब्याला धूर जायला एक भोक होतं, पावसात त्यावर फुटक्या मडक्याचं खापर ठेवायचं आणि उघडलं की काढायचं, हे काम माझ्याकडे होतं. एका सकाळी मी खापर काढायला चढले आणि पाणी जायच्या पन्हाळीपाशी माझा पाय थांबला. तिथं सगळ्या धाब्याचं पाणी एकवटून वाहायचं. महिनाभर वाहून वाहून तिथली खारी धुऊन निघाली होती, काळपट दिसत होती, आणि तिच्यात तीन हिरवी पानं उभी होती. मधोमध चीर असलेली. उघडलेल्या कात्रीसारखी. मी तिथूनच ओरडणार होते, पण खाली आबा दाढी करीत बसले होते. मी खाली उतरले, वहिनीच्या हातातलं पीठ काढायला लावलं आणि तिला धाब्यावर नेलं. ती पन्हाळीपाशी बसली, पानांना हातही लावला नाही. मग म्हणाली, "आईला उंच जागा आवडायची."

आता पंचाईत ही की धाब्यावर उगवलेलं काहीही आबा दिसताक्षणी उपटायचे. मूळ खोल गेलं की पाणी त्या वाटेनं आत येतं, कड्या कुजतात, आणि एखाद्या पावसाळ्यात धाबं बसतं. गावात अशी धाबी बसलेली होती, त्यामुळे आबांचं चुकत होतं असं नाही. म्हणून आम्ही दोघींनी गप्प राहायचं ठरवलं. खापराचं निमित्त करून मी वर जाई आणि येऊन डोळ्यांनीच सांगे, आहेत. पण वेल कुठं गप्प राहते? तिला वर चढायला काही नव्हतं, म्हणून ती धाब्याच्या कडेवरून खाली उतरायला लागली, नेमकी पुढच्या दाराच्या डोक्यावर.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने, आणि घरात माणसं ओसंडून. त्या दिवशी रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, गव्हाचा वास सगळ्या गल्लीत भरलेला असतो, पुरण शिजत असतं, खिरीच्या भांड्यापाशी पोरांना उभं करत नाहीत. बायका गाणी म्हणत दारात आल्या आणि त्यातल्या एकीनं वर बघून म्हटलं, "व माय, तुन्हं धाबं त उगी गयं!" सगळ्या हसल्या. मायच्या धाब्यावर गवत म्हणजे त्यांना सणापेक्षा मोठी मेजवानी. माय बाहेर आली, वर पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. आबांनी तिथूनच सालदाराला शिडी आणायला सांगितलं. शिडी भिंतीला लागली, आणि वहिनी आतून आली, दोन्ही हात कणकेनं भरलेले, आणि शिडीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही भान नाही. नवी सून सगळ्या गल्लीदेखत सासऱ्याच्या आडवी उभी, म्हणजे काय झालं हे आजच्या मुलींना कळायचं नाही.

माय म्हणाली, "काय व्हयनं? कोनी सांगशात का माले?" तेव्हा मी सांगितलं. वेल कुणाची, बी कुठून आलं, खारीत कसं पडलं, वर कसं गेलं, सगळं भडाभडा. मी सांगत असताना मायनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, हेच नवल. मग ती त्या बायकांकडे वळली, आबांकडे वळली, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "शिडी ठेवी द्या. व्याहीन शे ती मन्ही. लगनमा तिले येता उनं नई, आते उनी शे. घर उनेल पाव्हणीले कोनी हाकलस का?"

आबा म्हणाले, "अन् धाबं गळनं त?"

"गळू द्या. भांडं लावसू."

नियम धाब्यावर बसवणं असं म्हणतात ना, आमच्या आबांचा नियम त्या दिवशी खरोखरीच धाब्यावर बसला आणि तिथं चांगला फुललाही. पोळ्याच्या सुमाराला पहिली फुलं आली. सकाळी दार उघडलं की डोक्यावर लाल चांदण्यांची झालर, दुपारी मिटलेली, दुसऱ्या सकाळी नवी. बैलांना ओवाळायला दारात आणलं तेव्हा त्यातल्या एकानं मान वर करून शेंडा ओढलाच, तर मायनं त्याला पुरणपोळी द्यायच्या आधी एक चापट दिली.

आणि धाबं गळलं. गळायचंच होतं. पन्हाळीचा कोपरा नेमका चुलीवर येत होता. माय भाकरी करायला बसायची तिथं तिच्या उजव्या खांद्यावर थेंब. तिनं पाट सरकवला आणि तिथं पितळेचं तपेलं ठेवलं. रिकामं असलं की टण्ण वाजायचं, भरत आलं की टुप. सगळा भादवा त्या आवाजात गेला. भाकरी थापताना गप्प बसणं मायला कधी जमलंच नाही, तर ती त्या तपेल्याशी बोलायला लागली. आमच्याकडे मुलीला आंडेर म्हणतात आणि मुलाला आंडोर. "बोला व्याहीनबाई," टण्ण. "तुमनी आंडेर भाकरी जाड करस." टण्ण. "सांगं त ऐकस नई, नुसतं हो आत्याबाई, हो आत्याबाई." टण्ण. "लगनमा मन्हा रुसवा ऱ्ही गया, आते तुमनाच चालू शे का?" पहिल्यांदा वहिनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, खांदे हलत होते. मग एक दिवस ती चुलीपुढून उत्तर द्यायला लागली, आईच्या वतीनं, तेही आमच्या बोलीत, मोडकंतोडकं. "मन्ही पोर जाड करस, पन तुमना आंडोर तीन खास." माय इतकी हसली की भाकरी तव्यावर करपली. त्या घरात मी पुष्कळ चांगले दिवस पाहिले, पण चांगले दिवस म्हटलं की मला तो गळका कोपरा आठवतो, हे मी आजही कुणालाही सांगेन.

शेवटी हत्तीचा पाऊस आला, तो जातानाचा पाऊस, झोडपून काढणारा. तपेलं पुरेना, परात ठेवली. भिंतीवर ओल उतरली, आणि एक कडी काळी पडल्यासारखी दिसायला लागली. आबा कडीला बोट लावून बघायचे आणि मायकडे बघायचे. एकदा म्हणाले, "आते बस्स कर. घर जाई." खरंच घर जाऊ शकत होतं, माय काही वेडी नव्हती. वेलीला बोंडं धरली होती, पण हिरवी. हिरव्या बोंडाचं बी उगवत नाही. वहिनी स्वतः म्हणाली, "आत्याबाई, उपटू या. खूप दिवस राहिली." आणि उठलीसुद्धा. मायनं तिला हाताला धरून खाली बसवलं. सालदाराला सांगून तिनं त्या कडीखाली एक जाड खांब उभा करवला, स्वयंपाकघराच्या ऐन मधोमध, आणि तीन आठवडे आम्ही सगळे त्या खांबाला वळसा घालून जेवायला बसलो. आबा रोज त्याच्यावर आपटायचे आणि रोज काहीतरी पुटपुटायचे, पण ताटावर बसले की काही बोलायचे नाहीत.

दिवाळीच्या आधी बोंडं वाळली, तपकिरी झाली. माय शिडीवरून धाब्यावर चढली, तिच्या मागं वहिनी, तिच्या मागं मी. मायच्या हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, मूठभर गहू आणि खणाचा तुकडा. मला वाटलं बी ठेवायला आणलंय. ती पन्हाळीपाशी बसली, वेलीच्या मुळाशी हळदकुंकू वाहिलं, गहू ठेवले, खण ठेवला. विहिणीची ओटी जशी भरतात तशी भरली, काही बाकी ठेवलं नाही. मग एकेक बोंड खुडून वहिनीच्या पदरात टाकत गेली, आणि टाकता टाकता विचारलं, "तुन्ही मायनं नाव काय व्हतं व?"

वैशाखापासून आमच्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. "शेवंता," वहिनी म्हणाली, आणि मग ती रडली, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून, बी सांडू न देता.

मायनं तिला रडू दिलं. मग वेलीकडं वळून, पाहुणीला निरोप देतात त्या आवाजात म्हणाली, "शेवंताबाई, पुढला साल अंगनमा येजात. काळी माटी खंदी ठेवसू. धाबावर नका." मग तिनं स्वतःच्या हातानं, हळू, मुळासकट वेल उपटून घेतली, आणि कडेला जाऊन, खाली घमेलं घेऊन उभ्या असलेल्या आबांना हाक मारली.

"आते लई या तुमनी खारी."